खात्रीचा कॉल

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी डायलिसिस कक्षातल्या चौथ्या खाटेपाशी यादीवाल्या मॅडम येऊन उभ्या राहिल्या. त्या या कक्षात सहसा येत नसत. किडनीसाठी थांबलेल्या रुग्णांची यादी सांभाळणं हे त्यांचं काम, आणि त्यांची खोली दोन मजले वर. चौथ्या खाटेवरचा बुकबाइंडर चार वर्षं त्या यादीत होता. डाव्या हातात दोन सुया असल्यामुळे तो उजवा हात वर करून हसला.

"काल कुठे होतात तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"काल? घरीच. का?"

"तीन चाळीसला फोन केला. पावणेचारला केला. तीन पंचावन्नला केला. तुमच्या नंबरवर तीनदा, तुमच्या मिसेसच्या नंबरवर तीनदा. दोन्ही संपर्काबाहेर."

बुकबाइंडरला वाटलं, एखादा कागद राहिला असेल. "सही हवी होती का?"

मॅडमनी खाटेचा कठडा धरला. "किडनी होती," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी जुळणारी. यादीत तुम्ही पहिले होता. नियमाप्रमाणे अर्धा तास वाट पाहिली. मग पुढच्याला फोन केला."

पाठोपाठ यंत्राची शिट्टी वाजली आणि नर्स धावत आली. त्याचा रक्तदाब एकदम खाली गेला होता. नर्सने खाटेचं पायाकडचं टोक उचललं, मॅडमना बाजूला व्हायला सांगितलं आणि "कोण काय बोललं यांना?" असं खाटेकडे बघतच विचारलं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी, बोलायचं बळ आल्यावर, त्याने आधी बहिणीला फोन लावला. बायकोला नाही. हॉस्पिटलातून फोन एका झटक्यात लागला.

बहीण त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका पांढऱ्या गाडीत होती. तिला घरात टॉवर म्हणत. एक तर ती उंच, आणि दुसरं म्हणजे तिचं काम. मोबाइलचं नेटवर्क मोजणाऱ्या एका संस्थेत ती चौदा वर्षं होती. गाडीच्या मागच्या सीटवर एक पेटी, पेटीत तीन कंपन्यांचे तीन फोन. कुणाची बाजू घेतली जाऊ नये म्हणून फोनांवर कंपन्यांची नावं नसत. क, ख, ग एवढीच अक्षरं असत. गाडी शहरभर फिरे, फोन आपोआप कॉल लावत, आणि नकाशावरचे पन्नास-पन्नास मीटरचे चौकोन एकेक करून हिरवे किंवा लाल होत. वर्षातून दोनदा अहवाल निघे. जिचा हिरवा रंग जास्त, ती कंपनी त्यावर जाहिरात करी. गेले तीन अहवाल ग कंपनी पहिली होती, नव्याण्णव पॉइंट दोन टक्के. चौकाचौकात तिचे फलक लागले होते: 'एकही घर सुटलेलं नाही. स्वतंत्र मोजणीने सिद्ध.'

ती मोजणी टॉवरची होती. त्यातल्या शहराच्या अर्ध्या भागावर तिची सही होती. पाच महिन्यांपूर्वी भाऊ यादीत वर सरकला, तेव्हा तिनेच भावाचा आणि वहिनीचा नंबर ग कंपनीत हलवून घेतला होता. घरातला तारेचा फोनही तिनेच बंद करायला लावला. "आता तो कशाला? धूळ पुसायला?" असं ती म्हणाली होती.

"दादा, तुझा फोन बंद होता का?" तिने आता विचारलं.

"समोर होता. टेबलावर."

"मग सायलेंटवर असेल."

"अगं, संपर्काबाहेर म्हणतायत त्या. सायलेंट आणि संपर्काबाहेर यातला फरक मला तूच शिकवलास."

तिने फोन ठेवला. गाडी चालवणारे काका आरशातून बघत होते. गेली नऊ वर्षं तेच तिच्याबरोबर असत.

"काय झालं?"

"दादाची किडनी आली होती," ती म्हणाली. "आली आणि गेली."

काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मोजणी चालू असताना इंजिन बंद करायचं नाही असा नियम होता. तो त्यांनी पहिल्यांदाच मोडला.

दुपारी अडीचला ती भावाच्या घरी पोचली तेव्हा वहिनीला कळलेलं होतं. तळमजल्यावरचं घर, रस्त्याकडे बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे कारखाना. कारखाना म्हणजे काँक्रीटची एक लांबट खोली. तिच्यात पुठ्ठ्यांची चळत, सरसाचं भांडं, कापडाची गुंडाळी आणि पुस्तकं दाबायचं ओतीव लोखंडाचं यंत्र. सगळे त्याला दाब म्हणत. वहिनी टेबलाशी बसून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, शिवत होती. बुधवारी दुपारीही ती तिथेच बसली होती, त्याच खुर्चीत.

"मी विचार करतेय, त्या वेळी मी काय करत होते," ती सुई न थांबवता म्हणाली. "तीन चाळीसला. विश्वकोशाचा सातवा खंड शिवत होते. आणि हे मला म्हणत होते, टाके सैल पडतायत."

"पडतच होते," दादा म्हणाला. तो भिंतीला टेकून बसला होता. डायलिसिसच्या दिवशी तो तसाही राखेसारखा दिसे.

"वहिनी, फोन दाखव."

"त्यात काही नाही. पुसलं मी." आता सुई थांबली. "काल पाच-दहाला ब्रेड आणायला बाहेर पडले आणि कोपऱ्यावर पोचल्याबरोबर टणाटणा मेसेज आले. अकरा. त्यातले आठ त्या कंपनीचेच. आता आणखी वेगवान, आता आणखी जवळ, हे घ्या, ते घ्या. तीन होते की या नंबरवरून फोन आला होता म्हणून. नंबर ओळखीचा नव्हता. मला वाटलं, हेही विकणारेच. यांच्यावर आज सकाळी आले, ते यांनी उघडलेही नाहीत; मी तर सगळे एकदम पुसले. चालता चालता."

टॉवरने स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. तोही ग कंपनीचाच होता. नेटवर्कच्या दोन कांड्या दिसत होत्या. तिने भावाच्या नंबरवर कॉल लावला. दोन हात अंतरावर ठेवलेला भावाचा फोन गप्प राहिला. तिच्या कानात एक बाई शांतपणे सांगत होती की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राबाहेर आहे. ती व्यक्ती तिच्याकडे बघत होती.

"असं नेहमी होतं?" तिने विचारलं.

दादा आणि वहिनीने एकमेकांकडे पाहिलं.

"आतून लागत नाही फारसा," दादा म्हणाला. "बोलायचं असलं की मी बाहेर दारात जातो."

"पाच महिने?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला?" दादाला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तुला काय सांगायचं? तू मोजलेलं. मला वाटलं, माझाच फोन जुना झाला. डॉक्टरच्या घरात बसून पोटदुखीची कटकट कोण करणार?"

"मी म्हटलं होतं यांना, टॉवरला विचारा," वहिनी म्हणाली. "तर म्हणे, उगाच तिचा अपमान."

हा प्रकार टॉवरच्या कुठल्याच फाईलीत नव्हता.

चार वाजता ती ऑफिसात होती. भावाच्या घराचा चौकोन तिने नकाशावर उघडला. हिरवा. गडद हिरवा. मोजल्याची तारीख सात महिन्यांपूर्वीची. मोजणाऱ्याची सही तिची.

नकाशात प्रत्येक चौकोनाचं शेवटचं मोजमाप तेवढं दिसतं. त्याआधीचं सगळं एका वेगळ्या फाईलीत जाऊन पडतं. ती फाईल उघडायचं कधी कुणाला कारण पडलं नव्हतं. तिने उघडली. तो दिवस शोधला, तो चौकोन शोधला. ग कंपनीचा पहिला कॉल: लागला नाही. दुसरा: लागला नाही. तिसरा: लागला नाही. चौथा: लागला. प्रत्येक कॉलपुढे गाडीची जागा लिहिलेली होती. पहिले तीन भावाच्या दारासमोरून केलेले, चौथा अडतीस मीटर पुढून, कोपऱ्यावरून.

तिने काकांना वर बोलावलं. ते टोपी हातात घेऊन आले.

"काका, दादाच्या गल्लीत मोजलं तो दिवस आठवतो?"

"तुमच्या दादांनी पाणी आणून दिलं होतं. आठवतो ना."

"गाडी पुढे का घेतली आपण?"

"तुम्हीच म्हणालात, पुढे घ्या, खात्री करू," काका म्हणाले. "नेहमीच म्हणता. कॉल पडला की गाडी जरा पुढे."

ते बरोबर होतं. नेहमीच म्हणत असे. सात वर्षांपूर्वी एका बिघडलेल्या फोनमुळे अख्खा अहवाल चुकला होता. एका कंपनीने वकील पाठवला होता, आणि ऑफिसची अब्रू जायची वेळ आली होती. तेव्हा तिने एक नियम सुचवला. कॉल लागला नाही तर दोष नेटवर्कचा की आपल्या फोनचा हे ठरवण्यासाठी आणखी कॉल करायचे, गरज पडल्यास थोडं पुढे जाऊन. लागला तर फोन ठीक आहे. याला सगळे खात्रीचा कॉल म्हणू लागले. साहेबांनी बैठकीत उभं राहून तिचं कौतुक केलं. तिन्ही कंपन्यांनी नियम मान्य केला. फोन ठीक आहे हे त्या कॉलने सिद्ध होत होतंच. पण तो कॉल शेवटचा असल्यामुळे नकाशावरही तोच चढत होता, हे सात वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. जिथे जिथे कॉल पडला, तिथे तिथे त्यांनी तो नेकीने, न कंटाळता, लागेपर्यंत लावला होता.

"काका, तुम्ही जा," ती म्हणाली. "मला जरा वेळ लागेल."

काका गेले नाहीत. दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले.

शहराचे चौकोन आठ हजार दोनशे चौदा. प्रत्येकातला फक्त पहिला कॉल धरायचा, अशी आज्ञा तिने संगणकाला दिली. उत्तर यायला चार मिनिटं लागली. क कंपनीचे दोनशे अकरा हिरवे चौकोन लाल झाले. ख चे सहाशे चाळीस. ग चे एक हजार तीनशे सहा. ग चे मनोरे मोठ्या रस्त्यांच्या कडेने होते. गल्लीतून गाडी जरा पुढे काढली की तिचा कॉल हमखास लागे. नव्याण्णव पॉइंट दोनचे त्र्याऐंशी पॉइंट तीन झाले. पहिली तिसरी झाली, तिसरी पहिली.

तिने आकडा तीनदा तपासला. तिसऱ्यांदा तपासताना आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने माउसवरून हात काढला.

संध्याकाळी सातला ती पुन्हा भावाच्या स्वयंपाकघरात होती. तिने उभ्यानेच सांगितलं, कागद समोर धरून, तारखा आणि मीटरसकट. मध्ये एकदाही थांबली नाही. थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे. नियम माझा, सही माझी, आणि दोन्ही नंबर एकाच कंपनीत घालायची अक्कलही माझीच."

वहिनीने ओट्याला पाठ लावली. "म्हणजे तू आमच्या दारात उभी होतीस," ती सावकाश म्हणाली. "तीनदा फोन केलास. तीनदा लागला नाही. हे पाणी घेऊन आले, ते प्यायलीस. आणि पुढे जाऊन लिहिलंस, लागतो."

"हो."

"हे सगळं त्याच दिवशी, त्याच दारात."

"हो, वहिनी."

वहिनी तिथून निघून कारखान्यात गेली. दार तिने आपटलं नाही, नुसतं लोटलं. ते जास्त ऐकू आलं.

दादा टेबलावरच्या कागदाकडे बघत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "ज्याला मिळाली, त्याचा फोन कुठल्या कंपनीचा असेल गं?"

"दादा, प्लीज."

"नाही, सहज. माणसाला कुतूहल असतं." मग त्याचा आवाज बदलला. "चार वर्षं मी अंघोळीला जाताना फोन पिशवीत घालून नेतो. माहितेय तुला? प्लॅस्टिकच्या पिशवीत. कान तिकडेच."

तिला माहीत नव्हतं. ती खाली बसली.

"पुन्हा येईल?" तिने विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, मी अजून पहिलाच आहे. उद्या येईल, नाहीतर दोन वर्षांनी. आली तर अर्धा तास मिळेल." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "तर आता सांग, यातली खरी पहिली कोण?"

तिने कंपनीचं नाव सांगितलं.

शुक्रवारी सकाळी दहाला ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी आकडे वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. आधी ते म्हणाले की नियम तिन्ही कंपन्यांच्या सहीचा आहे. मग म्हणाले की फलक लागून महिना झाला. मग एकदम म्हणाले, "माझं घर बघ."

तिने त्यांचा चौकोन काढला, ग कंपनीचा. पहिला कॉल: लागला नाही.

"माझी आई दिवसभर एकटी असते घरात," साहेब म्हणाले आणि टेबलावरचा फोन उचलून त्यांनी तिचा मोबाइल नंबर लावला. तो लागला नाही. त्यांचं बोट पुन्हा त्याच बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. "कंपन्यांना पत्र आजच जाईल," ते म्हणाले. "अहवाल मागे घेतोय म्हणून. मसुदा तू कर. नाही, मी करतो. तू घरी जा, भावाचं बघ."

साडेबाराला ती काकांबरोबर, फोनांची पेटी घेऊन भावाकडे पोचली. आधी मोजायचं आणि मग सिम घ्यायचं असं तिने ठरवलं होतं. पण दादा तिच्या आधी उठला होता. सकाळी नऊलाच दुकानात जाऊन त्याने क कंपनीचं नवं सिम आणलं होतं, नंबर हॉस्पिटलात कळवला होता, आणि वहिनीने यादीवाल्या मॅडमना विनंती करून चाचणीचा फोन ठरवून घेतला होता. बरोबर पाऊणला.

"अरे, मोजू तर दे मला!"

"तूच म्हणालीस ना, खरी पहिली हीच?" दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कालच्यापेक्षा रंग होता. "बस इथे. मॅडम करतीलच आता."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिच्यासाठी एक स्टूल ओढून ठेवलं. सगळे कारखान्यात बसले. दादा रोज बसतो तिथेच बसला, दाबाशेजारी. नवा फोन समोर. तीन कांड्या.

पाऊण वाजला. वहिनीने शेजारणीचा फोन मागून आणला होता. शेजारणीची कंपनी वेगळी होती. त्यावर मॅडम बोलत होत्या आणि त्यांच्या हातातल्या दुसऱ्या फोनवरून नवा नंबर लावत होत्या. शेजारणीचाही फोन आतून नीट चालत नव्हता, म्हणून वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांचं बोलणं मोठ्याने पुढे सांगत होती.

"लावतायत म्हणे."

सगळे फोनकडे बघत राहिले. दहा सेकंद गेले. वीस गेले.

"वाजत नाही," दादा म्हणाला.

"काय? हो, हो मॅडम." वहिनी खोलीतल्यांकडे वळली. "त्या म्हणतायत, कधी कधी होतं असं. पुन्हा लावून बघतायत."

"नको!" टॉवर ओरडली. स्टूल मागे पडलं. "वहिनी, थांबव त्यांना. पुन्हा नको!"

पण तेवढ्यात फोन वाजला. खणखणीत, भिंतीवर आपटून परत येईल असा. दादाने तो उचलला. "हो मॅडम, मीच बोलतोय. हो, अगदी स्वच्छ. स्वच्छ येतोय आवाज." वहिनीने तोंडावर हात धरला आणि रडू आणि हसू एकदमच आलं तिला. काका टाळी वाजवून मोकळे झाले.

"लागला की!" वहिनी म्हणाली. आज पहिल्यांदा ती नणंदेकडे बघून बोलत होती. "ऐकलंस ना? लागला!"

टॉवरने पडलेलं स्टूल उभं केलं. दादा-वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून बोलणं तिला कालच्यापेक्षा जड गेलं.

"पहिला लागला नाही," ती म्हणाली.

"अगं, पण दुसरा..."

"वहिनी, बुधवारी तीन लागले नव्हते. चौथा केला असता तर कदाचित लागला असता. मीही असंच करत होते. लागेपर्यंत लावायचं, आणि लागला की हुश्श म्हणायचं." तिने खिशातून वही काढून तारीख टाकली. "कारखाना, क कंपनी. पहिला कॉल: नाही. हा फोन इथे चालणार नाही."

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. शेजारणीच्या फोनवर मॅडम अजून हॅलो हॅलो करत होत्या.

"मग मी कुठे बसू ते सांग," तो म्हणाला. आवाजात राग होता. तो तिला बरा वाटला.

तिने पेटी उघडली. पुढचे दोन तास ती तिन्ही फोन घेऊन घरभर हिंडली. प्रत्येक जागी दहा वेळा काका बाहेरून कॉल लावत, आत फोन वाजला की नाही ते ती लिहून घेई. एकही पुन्हा लावायचा नाही. कारखान्यात क चे दहातले सात, ख चे पाच, ग चे दोन. स्वयंपाकघरात क चे आठ. बैठकीच्या खोलीत दाराशी नऊ. खिडकीपाशी, रस्त्याच्या बाजूला, क चे दहातले दहा, ख चे दहातले नऊ. तारेच्या फोनची मागणी तिने मध्येच नोंदवली. टेलिफोनवाले म्हणाले, आठ दिवस.

"आठ दिवस मी खिडकीत बसून काय करू? येणारे-जाणारे मोजू?" दादाने विचारलं. "काम माझं मागे आहे."

"काम पुढे आणू," वहिनी म्हणाली.

"दाब? तो मागे आणायला सहा माणसं लागली होती."

वहिनी नणंदेकडे वळली. "उचलशील?"

"उचलीन."

दादाने यंत्राला हात लावायचा नाही, त्याच्या डाव्या हातातली डायलिसिसची नस जपायची आहे, असं वहिनीने तीनदा बजावलं. काकांनी गाडीतून दोर आणला. समोरचा लाँड्रीवाला आला, शेजारीण आली, शेजारणीचा नवरा जेवता जेवता हात धुऊन आला. दाब स्वयंपाकघराच्या दारात अडकला, तेव्हा चौकटीचा एक कोपरा फुटला. वहिनी म्हणाली, फुटू दे. बैठकीतला सोफा अंगणात गेला. दादा मागून येत प्रत्येकाला सांगत होता की कुठे धरायचं, आणि कुणीच तिथे धरत नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी दाब खिडकीपाशी टेकला. टॉवरच्या हातांची सालं निघाली होती. वहिनीने बघितलं, आत गेली, फडकं ओलं करून आणलं आणि तिच्या हातात दिलं.

दादा दाबाशेजारी स्टुलावर बसला. क चा आपला आणि ख चं नवं सिम घातलेला वहिनीचा, असे दोन फोन त्याने समोरच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले, खोलीत जमलेल्या सहा माणसांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "आता कुणी मोठ्याने बोलू नका."